गेलेली कड परत आणताना



घरातले स्टीलचे एखादे जुने ताट आणि नुकतेच दुकानातून आणलेले नवे ताट शेजारी शेजारी ठेवून पाहा. धातू तोच. मग जुन्या ताटाची चमक गेली कुठे? "झिजली" असे आपण सहज म्हणतो. पण चमक म्हणजे काही वरून दिलेला रंग नव्हे, की ती झिजून जावी. चमक हा पृष्ठभागाच्या आकाराचा गुण आहे. आकार बिघडला की चमक जाते. आकार नीट केला की ती परत येते. मात्र आकार नीट करायचा म्हणजे धातू घासून काढायचा, आणि एकदा काढलेला धातू परत लावता येत नाही. हा धडा मी पुस्तकात वाचला होता. पण तो खरा शिकलो एका घड्याळावर.

हे घड्याळ माझ्या मामांचे. मामा व्यापारी जहाजावर नोकरीला होते. १९७९ साली त्यांनी सिंगापूरला एक जपानी बनावटीचे, पाणबुड्यांसाठी केलेले घड्याळ घेतले आणि पुढे तीस वर्षे ते मनगटावरून उतरवले नाही. काही वर्षांपूर्वी ते दुरुस्तीला दिले, तेव्हा कारागिराने प्रेमाने त्याला कापडी चाकावर धरून बफ मारून दिला. घड्याळ आरशासारखे चकाकत घरी आले. मामांनी ते हातात घेतले, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अरे, हे माझे घड्याळ नव्हे. याला कडाच नाहीत."

खरेच होते. पट्टा अडकवण्यासाठी घड्याळाला चार कान असतात. त्यांच्या रेखीव कडा वापरून संपलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. कानांच्या वरच्या बाजूला पूर्वी बारीक सरळ रेघांचे मंद पृष्ठ होते आणि कडेने चमकणारी एक तिरकी पट्टी होती. ती दोन्ही गेली होती. "तू फिजिक्स शिकवतोस ना? मग हे नीट कर," असे म्हणून मामांनी घड्याळ माझ्या हातात ठेवले.

पाण्यातले घड्याळ

आधी हे घड्याळ साध्या घड्याळाहून वेगळे कसे, ते पाहू. पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका वाढतो. घड्याळाच्या काचेचा व्यास ३ सेंटिमीटर धरला तर तिचे क्षेत्रफळ ७.०७ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे १० मीटर खोलीवर त्या काचेवर सुमारे ७ किलोग्रॅमचा भार आला. मामांच्या घड्याळावर १५० मीटर असे लिहिले आहे. तिथे हाच भार १०० किलोग्रॅमच्या वर जातो. दोन मोठी माणसे त्या छोट्याशा काचेवर उभी आहेत असे समजा!

हा भार सोसायचा आणि पाण्याचा थेंबही आत येऊ द्यायचा नाही, हे काम घड्याळाची स्टीलची डबी करते. १९२६ साली रोलेक्सने 'ऑयस्टर' नावाची, झाकण आणि चावी आट्यांनी घट्ट बसणारी डबी आणली. १९२७ साली मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्रज जलतरणपटू असे घड्याळ गळ्यात बांधून इंग्लिश खाडीत उतरली. थंडीमुळे तिला पोहणे अर्धवट सोडावे लागले, पण घड्याळ चालू राहिले. पुढे १९५३ साली ब्लँपेनने खास पाणबुड्यांसाठी 'फिफ्टी फॅदम्स' हे घड्याळ काढले. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. आज अशा घड्याळांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार घड्याळ किमान १०० मीटर खोलीचे असावे लागते, आणि लिहिलेल्या खोलीच्या दाबापेक्षा २५ टक्के जास्त दाबाखाली ते तपासावे लागते.

डबीचे स्टील बहुधा '३१६ एल' या जातीचे असते. त्यात लोखंडाशिवाय १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पडदा तयार होतो, आणि तोच आतल्या लोखंडाला गंजू देत नाही. गंमत अशी की हा पडदा आपण घासून काढला तरी हवेत तो पुन्हा आपोआप तयार होतो. म्हणून अशा डबीवर घरी काम करता येते. मॉलिब्डेनममुळे समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही टिकाव लागतो.

चमक म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सपाट पृष्ठभागावर प्रकाशाचे समांतर किरण पडले तर ते समांतरच परावर्तित होतात आणि आपल्याला प्रतिमा दिसते. पृष्ठभाग खडबडीत असेल तर किरण दाही दिशांना विखुरतात. हे तुम्ही शाळेत शिकला आहात. पण सपाट म्हणजे किती सपाट?

याचे उत्तर प्रकाशाच्या तरंगलांबीत आहे. एक मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. पृष्ठभागावरचे उंचवटे आणि खळगे यांच्यातील फरक या तरंगलांबीच्या आठव्या भागाहून कमी असेल, म्हणजे हिरव्या प्रकाशासाठी सुमारे ०.०७ मायक्रॉनहून कमी असेल, तर समोरून पाहताना तो पृष्ठभाग प्रकाशाच्या लेखी गुळगुळीत ठरतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे हा फरक केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका झाला!

पॉलिश केलेल्या धातूवर चरे नसतात असे नाही. चरे असतात, पण ते इतके बारीक असतात की प्रकाशाला त्यांची दखल घेता येत नाही. ही गोष्ट न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात मांडली होती.

यातूनच घासकामाची रीत निघते. आधी जाड दाण्याच्या कागदाने घासायचे, मग क्रमाने बारीक दाण्याच्या. हार्डवेअरच्या दुकानात पाण्यात भिजवून वापरायचा काळा पॉलिशपेपर मिळतो. त्याच्या मागे आकडा असतो. आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक. युरोपीय मानकानुसार २४० आकड्याचा दाणा सुमारे ५८ मायक्रॉनचा, ४०० चा ३५, ६०० चा २६, १००० चा १८ आणि २००० चा १० मायक्रॉनचा असतो. दाण्याचा थोडाच भाग धातूत रुततो, त्यामुळे चरा दाण्याहून पुष्कळच उथळ पडतो.

प्रत्येक कागदाचे काम एकच: मागच्या कागदाचे चरे नाहीसे करणे. मधला कागद गाळला तर वेळ वाचत नाही. बारीक दाण्याला खोल चरा काढायला फार वेळ लागतो, आणि मधूनच तो चरा चमकत्या पृष्ठावर डोके वर काढतो. म्हणून एक युक्ती करायची. प्रत्येक नवा कागद मागच्याशी काटकोनात फिरवायचा. मागच्या दिशेची शेवटची रेघ दिसेनाशी झाली की तो कागद संपला. मन म्हणते "झाले असेल", भिंग म्हणते "अजून नाही." ऐकायचे भिंगाचे.

कड का जाते?

मग बफच्या चाकाने काय बिघडले? चमक तर आली होती.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. कापडी चाक मऊ असते. ते सपाट भागावर पसरते, पण कडेपाशी आले की कडेभोवती वळते. तेथे स्पर्शाचे क्षेत्रफळ कमी म्हणून दाब जास्त, आणि दाब जास्त म्हणून झीज जास्त. बोटाखाली पॉलिशपेपर धरून घासले तरी हेच होते, कारण बोटही मऊच आहे. कड टिकवायची असेल तर कागदाच्या मागे ताठ आणि सपाट आधार हवा. यासाठी खिडकीची जाड काच उत्तम. आजकाल खिडकीची काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून तयार करतात, म्हणून ती फार सपाट असते. काचेवर कागद चिकटवायचा आणि वस्तू कागदावर फिरवायची. अरुंद जागेसाठी स्टीलच्या मोजपट्टीवर कागद चिकटवला की झाली बारीक कानस.

कडेचे गणित

गोल झालेली कड पुन्हा रेखीव करायची तर किती धातू काढावा लागेल? मी हत्यार हातात घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेतली. तुम्हीही घ्या.

एक काटकोन काढा. त्याची एक बाजू म्हणजे कानाचे वरचे पृष्ठ, दुसरी म्हणजे कुशीचे पृष्ठ. कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर ५ सेंटिमीटर अंतरावर खुणा करा. त्या दोन खुणांपाशी लंब उभारले की ते आत एका बिंदूत मिळतील. तो बिंदू केंद्र मानून ५ सेंटिमीटर त्रिज्येचा चाप काढा. कोपरा गेला आणि त्याच्या जागी चाप आला. मामांच्या घड्याळाचा छेद शंभरपट मोठा केला तर असाच दिसतो, कारण प्रत्यक्षात ही त्रिज्या ०.५ मिलिमीटर होती.

ती कशी मोजली? वरच्या पृष्ठावर मार्करची शाई फासली आणि काचेवरच्या बारीक कागदावर घड्याळ एकदाच हलके फिरवले. सपाट भागावरची शाई गेली, गोल भागावरची राहिली. त्या राहिलेल्या पट्टीची रुंदी म्हणजेच त्रिज्या.

आता तीन उपाय संभवतात.

पहिला उपाय, फक्त वरचे पृष्ठ घासत खाली न्यायचे. चाप जिथे कुशीला टेकतो तिथपर्यंत, म्हणजे पूर्ण ०.५ मिलिमीटर, धातू काढावा लागेल.

दुसरा उपाय, दोन्ही पृष्ठे सारखीच घासायची. नवा कोपरा चापाच्या मध्यबिंदूवर येईल. पायथागोरसचा सिद्धांत लावा. प्रत्येक पृष्ठावरून त्रिज्येच्या ०.२९ पट, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर धातू जाईल. पहिल्यापेक्षा बरे, पण दोन्ही पृष्ठे सबंध घासावी लागणार.

तिसरा उपाय, पृष्ठांना हातच लावायचा नाही. तुमच्या आकृतीतील दोन खुणा सरळ रेषेने जोडा. ती चापाची जीवा झाली. चाप आणि जीवा यांच्यामधला तेवढाच तुकडा काढला तर ४५ अंशांची तिरकी पट्टी तयार होते आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन रेखीव कडा मिळतात! पट्टीची रुंदी ०.७ मिलिमीटर, आणि सर्वांत खोल जागी काढायचा धातू पुन्हा ०.१५ मिलिमीटरच.

घनफळाची तुलना करा. चारही कानांची वरची पृष्ठे मिळून सुमारे २०० चौरस मिलिमीटर होती. दुसऱ्या उपायाने नुसत्या वरच्या पृष्ठांवरून ३० घन मिलिमीटर धातू गेला असता, कुशीचा वेगळाच. तिसऱ्या उपायाने चारही कानांच्या मिळून ५० मिलिमीटर लांबीच्या कडेवरून जेमतेम साडेतीन घन मिलिमीटर जातो. मामांना आठवणारी चमकती तिरकी पट्टी म्हणजे हीच. ती आता मूळच्याहून थोडी रुंद होईल, पण डबी पातळ होणार नाही. मी तिसरा उपाय निवडला.

प्रत्यक्ष काम

घड्याळाचे यंत्र, तबकडी, काच आणि रबरी कडी एका जाणत्या घड्याळजीकडून काढून घेतली. हातात राहिली नुसती डबी. चावीची नळी, मागच्या झाकणाचे आटे आणि रबरी कडी बसण्याच्या खाचा या जागांवर चिकटपट्टी लावली. पाणी अडते ते याच जागी. तेथे एक चरा पडला तरी घड्याळ पाणबुड्याचे राहत नाही.

थेट घड्याळावर हात चालवला नाही. आधी स्टीलच्या एका जुन्या पळीच्या दांड्यावर आठवडाभर सराव केला. पहिल्या दिवशी माझी पट्टी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद झाली. हात नकळत कलतो. मग लाकडाचा एक ठोकळा ४५ अंशांत कापून त्याच्या आधाराने कागद लावलेली मोजपट्टी चालवली, तेव्हा कोन स्थिर राहिला.

घड्याळावर ४०० पासून सुरुवात केली आणि २००० पर्यंत गेलो. कागद पाण्याने ओला ठेवला. त्यामुळे धातूची धूळ उडत नाही आणि दाणे भरून जात नाहीत. शेवटी कठीण लाकडाच्या सपाट काडीला पॉलिशची हिरवी वडी लावून पट्टी चकाकवली. ही वडी क्रोमियम ऑक्साइडची असते. ज्या पदार्थाचा पडदा स्टीलला जपतो, त्याच जातीचा पदार्थ स्टीलला पॉलिशही करतो!

सरळपणा तपासायला महाग उपकरण लागत नाही. खिडकीच्या गजांची प्रतिमा पट्टीत पाहायची. आरसा एका अंशाने कलला की परावर्तित किरण दोन अंशांनी वळतो, म्हणून पृष्ठाचा दोष प्रतिमेत दुप्पट होऊन दिसतो. गज वाकडा दिसला की समजावे, हात वाकडा चालला.

किती धातू गेला हे मी सराफी काट्यावर तोलून पाहिले. हा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजतो. स्टीलची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ८ ग्रॅम. तेव्हा साडेतीन घन मिलिमीटर म्हणजे २८ मिलिग्रॅम. पट्टीचे काम संपल्यावर काट्याने ०.०३ ग्रॅम घट दाखवली. गणित आणि काटा यांचे असे जमले की मास्तरला फार बरे वाटते.

रेघांचे पृष्ठ

कानांची वरची पृष्ठे मात्र चकाकवायची नव्हती. ती मूळची बारीक समांतर रेघांची. त्यासाठी काचेवर २४० चा कागद लावला, शेजारी एक सरळ पट्टी आधाराला ठेवली आणि डबी तिला टेकवून एकाच दिशेने, एकाच दाबाने ओढली. मागेपुढे नाही. मधे थांबले की रेघेला गाठ पडते.

अशा पृष्ठावर प्रकाश सगळीकडे सारखा विखुरत नाही. रेघेच्या लांबीच्या दिशेने पृष्ठ गुळगुळीतच असते. खडबड असते ती आडव्या दिशेला. त्यामुळे प्रकाश रेघांना काटकोनात पसरतो आणि घड्याळ हलवले की एक मऊ उजेड पृष्ठावरून सरकत जातो. त्याच्या शेजारी आरशासारखी पट्टी असली की दोघांमधली कड उठून दिसते.

कुठे थांबायचे?

आता राहिली एकच गोष्ट. डबीच्या डाव्या कुशीत एक खोल खोक होती. जहाजाच्या तळघरात उतरताना मामा लोखंडी शिडीवर आपटले होते, तेव्हाची. बफवाल्यालाही ती काढता आली नव्हती. इतके सगळे नीट झाल्यावर ती खोक माझ्या डोळ्यांत सलू लागली. कागद पुन्हा काचेवर चिकटवला. पण घासण्याआधी मोजले.

खोक ०.४ मिलिमीटर खोल होती. तेथे भिंतीची जाडी १.६ मिलिमीटर. खोक घालवायची तर सबंध कूस १.२ मिलिमीटरवर आणावी लागणार. सपाट पट्टीचा वाकण्याविरुद्धचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. १.२ भागिले १.६ म्हणजे ०.७५, आणि ०.७५ चा घन ०.४२. डबीची भिंत ही सपाट पट्टी नव्हे, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही; पण धोक्याची दिशा तो स्पष्ट दाखवतो. चौथा हिस्सा जाडी घालवली तर निम्म्याहून अधिक ताठपणा जाण्याची भीती. मी कागद काढून ठेवला.

घड्याळ पुन्हा जोडून, नवी रबरी कडी घालून घड्याळजीच्या दाबयंत्रात तपासून घेतले. घरी काम केलेले कोणतेही घड्याळ अशा तपासणीशिवाय पाण्यात नेऊ नये. मामांना ते दिले तेव्हा त्यांनी आधी कानांवरून अंगठा फिरवला. मग तो डाव्या कुशीकडे गेला आणि खोकेवर थांबला.

"ही नाही काढलीस?"

"काढली असती तर भिंत पातळ झाली असती, मामा."

"बरे केलेस," ते म्हणाले, आणि घड्याळ मनगटावर चढवले.

करून पाहा

१. गुळगुळीत पुठ्ठ्याचे वहीचे कव्हर डोळ्यांच्या पातळीत जवळजवळ आडवे धरून त्यावरून दूरच्या दिव्याकडे पाहा. समोरून मंद दिसणाऱ्या कव्हरात दिव्याचे अंधुक प्रतिबिंब दिसेल. किरण जितके तिरपे पडतात, तितकी जास्त खडबड प्रकाशाला 'चालते'. असे का, याचा विचार करा.

२. ज्याच्या तळावर वर्तुळाकार बारीक रेघा आहेत असे स्टीलचे भांडे एका दिव्याखाली धरा. केंद्रातून निघणारे उजेडाचे दोन पंखे दिसतील. भांडे जागच्या जागी गोल फिरवा. पंखे फिरतात की स्थिर राहतात? रेघांचे पृष्ठ प्रकाश कसा पसरवते हे आठवून उत्तर शोधा.

३. मोडक्या स्टीलच्या चमच्याच्या दांड्यावर ४०० ते २००० पर्यंतचे कागद क्रमाने, दर वेळी दिशा बदलून वापरा. दुसऱ्या चमच्यावर ४०० नंतर एकदम २००० वापरा. दोन्ही भिंगाखाली पाहा.

एक सूचना: कोरडे घासू नका, नाकावर रुमाल आणि डोळ्यांना चष्मा असू द्या. लोखंडावर वापरलेली कानस किंवा लोखंडी काथ्या स्टीलला लावू नका. लोखंडाचे कण रुतून बसतात आणि गंजतात. आणि आजोबा-पणजोबांच्या काळचे, अंधारात चमकणाऱ्या काट्यांचे घड्याळ स्वतः कधीही उघडू नका. १९६० च्या सुमारापर्यंतच्या पुष्कळ घड्याळांत त्या चमकेसाठी रेडियम वापरीत असत, आणि रेडियमचा किरणोत्सर्ग आजही जवळजवळ तेवढाच आहे.